जुन्या गॅसबत्त्या आणि कंदील: दुर्मीळ प्रकार ओळखायचा कसा, आणि कुठल्या खणात ठेवायचा?

पितळीटाकी:

नमस्कार मंडळी,

परवा एक कोलमन २००ए (कोलमन या अमेरिकन कंपनीची गॅसबत्ती) हाती आली. टाकी लाल, टोपी हिरवी. जमवणाऱ्यांच्या बोलीत या जोडीला ‘ख्रिसमस’ म्हणतात आणि हे नाव कानावर पडलं की भलेभले हरखतात. मीही हरखलो. मग टेबलावर पांढरा कपडा अंथरला, बत्ती आडवी केली आणि नेहमीच्या क्रमाने बघायला घेतली. तो क्रम इथे सविस्तर मांडतोय. चुकत असेन तर सांगा, आणि तुमच्याकडच्या बत्त्यांच्या खुणाही लिहा.

माझं म्हणणं असं, की दुर्मीळ प्रकार एका खुणेवर कधीच ठरत नाही. गॅसबत्ती हे सुटं होणारं यंत्र आहे. वरचा नट फिरवला की टोपी निघते, टोपी निघाली की काच निघते, आणि पाना असेल तर दहा मिनिटांत बर्नर, जनरेटर (इंधनाची वाफ करणारी नळी), व्हॉल्व्ह सगळं कपड्यावर येतं. पन्नास-साठ वर्षांत या बत्त्या किती हातांतून गेल्या असतील! काच फुटली, दुसरी बसवली. टोपीचा मुलामा उडाला, दुसऱ्या बत्तीची चढवली. यात कुणाची लबाडी नसते, बत्ती पेटती ठेवायची असते एवढंच. पण त्यामुळे ‘हिरवी टोपी आहे, म्हणजे ख्रिसमस’ हे म्हणणं टिकत नाही.

म्हणून मी टाकीपासून सुरुवात करतो. कारखान्याचा ठसा तिच्या तळावर असतो आणि तो पान्याने निघत नाही.

कोलमनच्या ठशाबद्दल थोडं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेतल्या बत्त्यांच्या तळावर डावीकडे महिना आणि उजवीकडे वर्षाचे शेवटचे दोन आकडे येऊ लागले. डावीकडे १० आणि उजवीकडे ७१ असेल तर ऑक्टोबर १९७१. त्याआधीच्या टाक्यांवर एक अक्षर आणि वर्षाचा आकडा सापडतो. ‘ए’ म्हणजे वर्षाचा पहिला अर्धा भाग, ‘बी’ म्हणजे दुसरा. माझ्या बत्तीवर ‘ए’ आणि ‘५१’ आहे. २००ए ची सुरुवातच १९५१ ची (ती पुढे १९८३ पर्यंत निघत राहिली), त्यामुळे इथवर सगळं जुळतं.

आता ही हिरवी टोपी मुळात आली कुठून? २००ए च्या आधी थोडा काळ नुसती ‘२००’ निघाली. तिची टाकी निकेलची आणि टोपी हिरव्या एनॅमलची. त्या काळात हिरवा हाच कोलमनच्या टोप्यांचा नेहमीचा रंग होता. मग टाकी लाल झाली, टोपी काही काळ हिरवीच राहिली आणि पुढे तीही लाल झाली. म्हणजे ख्रिसमस हा सणासाठी वगैरे काढलेला प्रकार नाही. ती दोन टप्प्यांच्या सांध्यावरची बत्ती आहे. नाव तिला खूप नंतर, जमवणाऱ्यांनी दिलं.

अडचण अशी, की ‘२००’ ची हिरवी टोपी २००ए वर चपखल बसते. म्हणजे १९५१ ची लाल बत्ती घ्या, तिच्यावर हिरवी टोपी चढवा, झाली ख्रिसमस. माझी बत्ती यातली कुठली, हे मला ठरवायचं आहे. फोटो खाली देतोय.

नवखीज्योत:

फार छान लिहिलंय दादा. माझ्याकडे आजोबांची एक हिरवी कोलमन आहे. तळावर ‘२४२सी’ आणि शेजारी ‘बी ४७’ असं वाचता येतं. म्हणजे १९४७ चा उत्तरार्ध का? आणि काचेवर मात्र ज्या पद्धतीची अक्षरं आहेत ती बरीच नवी वाटतात. काच बदलली असेल तर बत्तीची किंमत जाते का? किंमत म्हणजे पैशात नव्हे, जमवणाऱ्यांच्या नजरेत.

पितळीटाकी:

@नवखीज्योत, हो, १९४७ ची दुसरी सहामाही. काच बदललेली असणं अगदी साहजिक आहे, बत्तीच्या सगळ्या भागांत सर्वांत आधी जाते ती काचच. म्हणून काळ ठरवताना मी काचेला शेवटचा नंबर देतो. कोलमनच्या काचांवरचा शिक्का दशकागणिक बदलत गेला, कधी पायरेक्स या उष्णता सोसणाऱ्या काचेचं नावही त्यावर असायचं. त्यामुळे काच कुठल्या काळातली आहे हे बऱ्यापैकी सांगता येतं. पण ते काचेचं वय झालं, बत्तीचं नाही. तुम्ही नोंदीत ‘टाकी १९४७, काच नंतरची’ असं लिहून ठेवा. नजरेतून उतरण्याचं काही कारण नाही.

आणि आजोबांची आहे ना? मग ती काच त्यांनीच कधीतरी बसवली असेल. काढू नका.

काळोखभेदी:

फोटो दिसत नाहीयेत. परत टाकाल का?

पितळीटाकी:

टाकले. आता बघा.

रंगारी:

फोटो पाहिले. टाकीचा लाल रंग चांगला दिसतोय, पण वरून पाहून रंगाबद्दल काही बोलायचं नाही असा माझा नियम आहे. रंगाची साक्ष झाकलेल्या जागेत मिळते. इंधनाचं झाकण उघडा आणि त्याच्या गळ्याभोवतीचं कडं बघा. तिथे ऊन पोचत नाही. बर्नरची चौकट टाकीवर जिथे टेकते ती गोल कड, पंपाच्या टोपणाखालची किनार आणि तळाची आत वळलेली बाजू या आणखी तीन जागा. या चारही ठिकाणी जो रंग आहे तो मूळचा.

२००ए च्या बाबतीत हे फार कामाचं आहे, कारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलमनने हीच बत्ती गर्द डाळिंबी रंगात काढली होती. त्या बत्त्यांमागे लोक फार असतात. नेहमीचा लाल रंग तेल, धूर आणि उष्णतेने काळवंडला की तोही डाळिंबीच भासतो! माझ्याकडे आतापर्यंत अशा तीन बत्त्या ‘डाळिंबी आहे का बघा’ म्हणून आल्या. तिन्हींचं झाकण उघडल्यावर आत टोमॅटोसारखा लख्ख लाल निघाला. चौथी आली तेव्हा मी झाकण उघडलं, कापूस फिरवला, आणि कडं वाळलेल्या डाळिंबाच्या सालीसारखं गडद होतं. चौकटीखालीही तेच, पंपाच्या किनारीलाही तेच. ती खरी.

आणखी एक. नंतर रंगवलेली टाकी ओळखायची असेल तर ठशाची अक्षरं नखाने चाचपा. कारखान्याचा थर पातळ असतो, अक्षरांच्या कडा टोकदार लागतात. हाताने किंवा फवाऱ्याने दुसऱ्यांदा दिलेला रंग खोबणीत साचतो आणि अक्षरं गुळगुळीत होतात. व्हॉल्व्ह जिथे टाकीत घुसतो तिथल्या आट्यांवर रंगाचे शिंतोडे असतील तर निदान ठरलंच समजा, कारण कारखान्यात टाकी आधी रंगते, व्हॉल्व्ह नंतर बसतो.

पितळीटाकी:

@रंगारी, झाकणाखाली लाल, चौकटीखालीही लाल, अक्षरं टोकदार. टाकीबद्दल आता शंका उरलेली नाही. प्रश्न टोपीचाच आहे.

इथे माझी एक चूक सांगतो, कुणाचं तरी भलं होईल. पहिल्या काही वर्षांत मी बत्ती आणली की आधी घासायचो. एका जुन्या निकेलच्या बत्तीचा तळ मी तारेच्या घासणीने असा काही चकाकवला की ठशातला आकडा अर्धा पुसला गेला. शेवटचा आकडा ३ की ८, ते आज भिंगातूनही कळत नाही. ती बत्ती माझ्या फळीवर आहे, सुंदर पेटते, पण तिचं साल मी माझ्या हाताने घालवलं. तेव्हापासून आधी फोटो, मग नोंद, आणि घासायचंच असेल तर सगळ्यात शेवटी.

वातवाला:

उत्तम धागा. मी मेंटलवाल्या बत्त्यांपेक्षा (मेंटल म्हणजे बर्नरवर तापून उजळणारी जाळीची पिशवी) वातीच्या कंदिलांत जास्त रमतो, म्हणून त्या बाजूने लिहितो. तिथे टाकीसुद्धा पुरेशी नाही, आधी बांधणी बघायची.

दोन बाजूंना नळ्या असलेल्या कंदिलांचे मुळात दोन वंश आहेत, गरम झोताचे आणि थंड झोताचे. गरम झोताच्या कंदिलात काचेतून वर चढलेल्या तापलेल्या हवेचाच काही भाग नळ्यांतून खाली येऊन ज्योतीला मिळतो. थंड झोताच्या कंदिलात जळून गेलेली हवा मधल्या धुराड्यातून वेगळी बाहेर जाते आणि नळ्यांतून बाहेरची ताजी हवा येते. ताज्या हवेमुळे ज्योत जास्त उजेड देते. दोन्ही रचना जॉन अर्विन या अमेरिकन माणसाच्या, पहिली १८६० च्या दशकाच्या अखेरची, दुसरी १८७० च्या दशकातली. डिएट्झ कंपनीने त्या घराघरांत पोचवल्या. ओळखायला सोपं आहे. नळ्या वर जाऊन काचेच्या डोक्यावरच्या घुमटात सरळ मिळत असतील तर गरम झोत. वर बाहेर फुगलेली हवेची डबी आणि तिच्या मधोमध वेगळं धुराडं असेल तर थंड झोत. हे न बघता नुसतं नाव वाचून वर्गवारी केली की पुढचं सगळं चुकतं.

दुसरी गोष्ट पेटंटच्या तारखांची. डिएट्झच्या कंदिलांवर पेटंटच्या तारखा ठोकलेल्या असतात आणि नवे लोक त्याच बनवल्याच्या तारखा धरतात. पेटंट मिळाल्यावर तोच साचा पुढे कित्येक वर्षं चालतो. त्यातली सगळ्यात अलीकडची तारीख घ्या आणि ‘कंदील याच्या आधीचा नाही’ एवढंच म्हणा. मग गावाचं नाव बघा. न्यूयॉर्क, सिरॅक्यूज की हाँगकाँग? डिएट्झचं उत्पादन १९५६ मध्ये हाँगकाँगला सुरू झालं. तेव्हा हाँगकाँगचा ठसा असलेल्या कंदिलावर कितीही जुनी तारीख दिसली तरी तो १९५६ नंतरचाच.

काळोखभेदी:

@वातवाला, ‘याच्या आधीचा नाही’ हे फार पटलं. पेट्रोमॅक्सला मी हेच लावतो.

पेट्रोमॅक्स मूळची बर्लिनच्या एरिश अँड ग्रेट्झची. नावच पेट्रोलियम आणि मॅक्स ग्रेट्झ यांच्यावरून. टाकीवर एरिश आणि ग्रेट्झ दोन्ही नावं असतील तर ती बर्लिनच्या जुन्या काळाकडे बोट दाखवते. युद्धानंतर ग्रेट्झचं काम पश्चिम जर्मनीत अल्टेनाला गेलं. ‘वेस्ट जर्मनी’ असं लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला, कारण त्या नावाचा देश १९४९ पासून १९९० पर्यंतच होता. एका शब्दात खालची आणि वरची दोन्ही मर्यादा मिळते.

प्रकाशाच्या आकड्याकडेही बघा. पेट्रोमॅक्सच्या ८२९ या मॉडेलवर ५०० च्या पुढे एचके आहे की सीपी? एचके म्हणजे हेफनरकेर्झे, उजेडाचं जुनं जर्मन माप. सीपी म्हणजे कँडलपॉवर, इंग्रजी चालणाऱ्या देशांत पाठवायच्या बत्त्यांवरचं. बत्ती तीच, बाजार वेगळा. मी या दोघींना वेगळे प्रकार मानतो.

आणि पेट्रोमॅक्सचा आराखडा जगभर उचलला गेला. लाइपझिगची हासाग, पोर्तुगालची हिपोलिटो, नंतर चीनमधल्या किती तरी. भाग एकमेकांत बसतात म्हणून एका बत्तीत तीन देश सापडतात. झाकणावरची दाब दाखवणारी घड्याळी तर कधीही धरू नका, ती बिघडली की कुठलीही दुसरी बसवतात. अशी शंका आली की मी टाकीला लोहचुंबक लावतो. जर्मन टाकी पितळी असते, वर निकेल असलं तरी चुंबक निसटतो. घट्ट चिकटला तर टाकी पोलादी आहे आणि मग बाकी सगळं नव्याने तपासायचं.

नवखीज्योत:

मग ‘प्रकार’ कशाला म्हणायचं? एचके आणि सीपी वेगळे प्रकार, डाळिंबी वेगळा, ख्रिसमस वेगळा. अशाने प्रत्येक बत्तीच एक प्रकार होईल ना?

पितळीटाकी:

खरा प्रश्न हाच आहे ताई. मी माझ्या वहीत खण केलेत ते सांगतो.

पहिल्या खणात कारखान्याने मुद्दाम वेगळी काढलेली बत्ती. उदाहरणार्थ १९७० च्या सुमाराची सोनेरी ‘गोल्ड बाँड’. गोल्ड बाँड ही मिनियापोलिसची कंपनी. दुकानदार खरेदीवर गिऱ्हाइकांना तिची तिकिटं देत, ती साठवून वस्तू घेता येत. त्या योजनेसाठी कोलमनने २००ए सोनेरी रंगात बनवून दिली. इथे मागणी आहे, गिऱ्हाईक आहे, ठरवून केलेला बदल आहे. सीअर्स या अमेरिकन दुकानसाखळीच्या नावाने विकलेल्या बत्त्याही याच खणात. त्यांच्या मॉडेल क्रमांकाची सुरुवात ४७६ ने होत असेल तर ती कोलमनने बनवलेली.

दुसऱ्या खणात चालू उत्पादनात होत गेलेले बदल. ख्रिसमस इथे बसते. २२० आणि २२८ ही जोडी मात्र इथे नाही. त्या दोघींत फरक टोपीच्या रुंदीचा, पण तो यादीतच वेगळ्या क्रमांकाने नोंदलेला आहे, म्हणून ते सरळ वेगळे मॉडेल. क्रमांकापुढचं अक्षर बदलतं, २२०डी, २२०ई, २२०एफ, तिथे कारखान्यानेच बदलाची नोंद ठेवलेली असते. अक्षर तेच राहून काही बदललं असेल तर ते आपल्याला शोधावं लागतं, आणि खरी मजा त्यात आहे.

तिसरा खण देशाचा. कॅनडात टोरंटोला बनलेली ‘२००’ घ्या. तिच्यापुढे ‘ए’ नाही म्हणून लोक तिला अमेरिकेची १९५० ची २०० समजतात. कॅनडात मात्र तोच क्रमांक पुढे बरीच वर्षं चालला. तळावर कॅनडा वाचलं की थांबायचं आणि वेगळ्या यादीत जायचं. काळोखभेदींच्या एचके-सीपी बत्त्याही मी इथेच ठेवीन.

चौथ्या खणात नंतरची जुळणी. दोन-तीन बत्त्यांची मिळून एक. याला मी कमी लेखत नाही, पण तिला प्रकार म्हणत नाही.

रंगारी:

पाचवा खण हवा. झीज. फिकटलेला रंग, उष्णतेने बदललेलं एनॅमल, निकेल उडून आतून दिसणारं पितळ. ‘पितळी आवृत्ती’ म्हणून दाखवलेल्या कितीतरी बत्त्यांचं निकेल कुणीतरी घासून काढलेलं असतं. पंपाच्या नळीच्या कडेला, झाकणाच्या खाली, निकेलची रुपेरी रेघ राहतेच. ती दिसली की पितळी आवृत्ती वगैरे काही नाही.

पितळीटाकी:

मान्य. पाचवा खण वहीत घातला.

दूरचा_तंबू:

मी लष्करी बत्त्या बघतो. तिथे तुमचा तिसरा आणि पहिला खण एकमेकांत मिसळतात. अमेरिकन लष्कराची पेट्रोलवर चालणारी बत्ती ठरलेल्या नमुन्यावर अनेक कंपन्यांनी बनवली, कोलमनने, आर्मस्ट्राँगने, स्टेट मशीन प्रॉडक्ट्सने. काच एकसंध नाही, चार वाकड्या तावदानांची. एक फुटलं तर तेवढंच बदलायचं. खाली सुटे भाग ठेवायला कप्पा. नमुना एकच असल्यामुळे एका कंपनीची टाकी, दुसरीचा बर्नर आणि तिसरीची तावदानं अशी बत्ती लष्कराच्या दुरुस्ती विभागातूनच तयार होऊन बाहेर पडू शकते. तिला ‘नंतरची जुळणी’ म्हणायचं का? ती ज्या सेवेसाठी होती त्याच सेवेत जुळली.

ब्रिटिश बाजूला हॅलिफॅक्सच्या विलिस अँड बेट्सची व्हेपालक्स आहे. सरकारी मालावर जाड बाण आणि साल ठोकलेलं असतं. बाण नसलेली तीच बत्ती नागरी. माझ्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भले एकही स्क्रू वेगळा नसो.

पितळीटाकी:

@दूरचा_तंबू, याचा मी विचारच केला नव्हता. सेवेत असताना झालेली जुळणी आणि नंतर घरी झालेली जुळणी यांत फरक करायला हवा. पण तो दाखवायचा कशावरून? भागांची झीज सारखी असेल, लष्करी रंगाचा थर सांध्यांवरून सलग गेलेला असेल, तर मी तुमचं म्हणणं मान्य करीन.

दूरचा_तंबू:

बरोबर, सांध्यावरचा सलग रंग हीच माझीही खूण आहे. दुरुस्तीनंतर तिथे बत्ती पुन्हा रंगवत.

वातवाला:

मूळ प्रश्नाकडे वळू. पितळीटाकी, टोपीवरचा नट काढलात का? एनॅमलवर नट वर्षानुवर्षं बसला की त्याच्याखाली एक चकती राहते, बाकीच्या टोपीपेक्षा चकचकीत. तिचा व्यास आत्ताच्या नटाशी जुळतो का बघा. फॉयरहँड या जर्मन कंपनीच्या कंदिलांवर मी कडीच्या कानांजवळ अशीच खूण शोधतो.

नवखीज्योत:

मेंटल काढून बघायचं असेल तर सांभाळून हं दादा. जुन्या मेंटलबद्दल मी काहीतरी वाचलं होतं.

काळोखभेदी:

बरोबर वाचलंत. मेंटल शोधणाऱ्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखच्या काळापासून बरीच वर्षं मेंटल थोरियमच्या ऑक्साइडचं असायचं, साधारण ९९ टक्के, आणि त्यात १ टक्का सेरियमचं ऑक्साइड. थोरियम किरणोत्सर्गी आहे. असं मेंटल शांतपणे जळत असताना घाबरण्यासारखं नाही, पण जुनं मेंटल मोडून त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नका. ओल्या कपड्याने टिपा, फुंकर मारू नका, नंतर हात धुवा.

पितळीटाकी:

काल रात्री निवांत बसलो आणि नट काढला. सविस्तर लिहितो.

नट सैल होता, बोटांनी निघाला. खाली चकती आहे. कडेची टोपी धुरकट शेवाळी झालीय, पण चकतीतला हिरवा ओल्या पानासारखा. कर्कटकाने मोजलं. चकती आत्ताच्या नटापेक्षा जवळजवळ तीन मिलिमीटर मोठी आहे. म्हणजे या टोपीवर बरीच वर्षं दुसरा, मोठा नट होता.

मला वाटलं झालं, टोपी परकी. कपाळावर हात मारून झोपायला गेलो.

रंगारी:

घाई करू नका! चकती जुळत नाही यावरून टोपी आणि नट एकमेकांचे नाहीत एवढंच ठरलं. टोपी आणि टाकी एकमेकांच्या नाहीत हे कुठे ठरलं? नट ही तर गवतात हरवणारी पहिली वस्तू. टोपी मूळची आणि नट नंतरचा, असंही असू शकतं. टोपीच्या आतली बाजू बघा. खालच्या चौकटीची झीज आणि टोपीची झीज यांचं वय एक आहे का?

पितळीटाकी:

@रंगारी, तुमचं बरोबर. आज दिवसा उजेडात पुन्हा पाहिलं.

टोपी उलटी केली. आतल्या बाजूला मधल्या भोकाभोवती एनॅमलला बारीक जाळीसारखे तडे गेलेत, उष्णतेने जातात तसे. एका बाजूला, अंगठ्याएवढ्या जागेत, एनॅमल उडून गंज आलाय आणि त्या गंजाचा एक ओघळ कडेपर्यंत उतरलाय. बत्ती पावसात टांगलेली किंवा ओल्या जागी ठेवलेली असणार. असा ओघळ टोपीच्या कडेवर थांबत नाही, खाली ठिबकतो. म्हणून मग चौकटीकडे वळलो. टोपी जशी बसते तशी बसवली, पेन्सिलीने खूण केली, उचलली. खुणेच्या बरोबर खाली, चौकटीच्या कडेवर, तांबूस डाग आहे. तो चौकटीच्या दांडीवरून उतरून टाकीच्या खांद्यापर्यंत आलाय. तिथे लाल रंगावर एक फिकट पट्टा आहे. मी तो आधी साधा ओरखडा समजलो होतो. भिंगातून बघितलं तर रंग खरवडलेला नाही, गंजाच्या पाण्याने डागाळलाय.

एकच ओघळ, टोपीपासून टाकीपर्यंत. टोपी फिरवून दुसऱ्या कोनात ठेवून पाहिली, कुठेच जुळत नाही. एकाच जागी जुळतं.

वातवाला:

वा! हे मला सुचलं नसतं. तो डाग अजिबात पुसू नका.

काळोखभेदी:

एक शंका काढतो, रागावू नका. यावरून टोपी आणि टाकी बराच काळ एकत्र होत्या एवढं सिद्ध होतं. १९५१ पासून होत्या हे नाही. कुणी १९६० मध्ये टोपी बदलली आणि मग बत्ती वीस वर्षं ओलीत राहिली, तर ओघळ असाच दिसेल.

पितळीटाकी:

रागवायचं कशाला, ही शंका रास्त आहे. ओघळाने ‘परवा कुणीतरी टोपी चढवून ख्रिसमस बनवली’ ही शक्यता काढून टाकली, मला मुख्य भीती तीच होती. त्यामागची शक्यता उरतेच. पण तिच्या विरुद्ध एक गोष्ट आहे. टोपीखाली दुसऱ्या कुठल्या टोपीच्या टेकण्याची खूण चौकटीवर नाही. कडेच्या निकेलवर एकच घासल्याची रेघ आहे आणि ती या टोपीच्या काठाशी जुळते. तेव्हा टाकी १९५१ च्या पूर्वार्धाची, रंग मूळचा, टोपी जुनी सोबतीण, नट नंतरचा. दुसऱ्या खणात ठेवतोय.

चिठ्ठीवर हे लिहून बत्तीच्या कडीला दोऱ्याने बांधलंय: ‘२००ए, ए ५१. हिरवी टोपी, गंजाचा ओघळ टोपी-चौकट-टाकी सलग. नट बदललेला, चकतीपेक्षा ३ मिमी लहान. काच नंतरची. घासू नये.’

नवखीज्योत:

मी पण आजोबांच्या २४२सी ला चिठ्ठी बांधली दादा. झाकण उघडून पाहिलं, आत हिरवा अगदी नवा दिसतो. आणि नटाखाली चकती आहे, नटाएवढीच. तळाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन अक्षरं लिहिलेली सापडली, आजोबांची आद्याक्षरं. ती कुठल्या खणात टाकू?

पितळीटाकी:

ती चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहा, आणि फोटो इथे टाका.